एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

लिंबागणेशजवळच्या त्या गावात दूध संस्थेच्या अंगणात सकाळपासून माणूस मावत नव्हतं. फळ्यावर हळदीनं आकडा लिहिला होता, १४२८५७. शेजारी अंकनाथ महाराज मांडी घालून बसले होते.

"पाताळगंगेचा आकडा हाय हा. कशानंबी गुणा, मोडत न्हाई. टाका फासा."

शेळ्या राखणाऱ्या चंद्रभागाबाईनं फासा टाकला. तीन पडले. निवृत्त त्रिंबक गुरुजींनी गुणाकार केला, ४२८५७१. तेच अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात चारपासून. मग पाच पडले, ७१४२८५. पुन्हा तेच. गुरुजींनी मान डोलावली तशी माणसं हात जोडू लागली.

"आता सातानं गुणा. सात पाताळं असत्यात."

९९९९९९.

"दार उघडलं. बोअर मोहनरावांच्या पट्टीत घ्या."

मोहनराव संस्थेचे चेअरमन, आणि पट्टी त्यांच्या स्वतःच्या शेताची. दोन वर्षं पाऊस नव्हता, गुरं छावणीत होती आणि संस्थेला बोअर मंजूर होता एकच. भूजल खात्याच्या माणसांनी मोजणी करून ओढ्याकाठचं गायरान दाखवलं होतं. ते आता कुणी बोलेना.

शाळेत गणित शिकवणारी शिवकन्या मागं दात आवळून उभी होती. हाच आकडा तिनं गेल्या महिन्यात सातवीला शिकवला होता. त्या पोरांचे आईबाप समोरच बसले होते, हात जोडून. तिला राहवेना.

"महाराज, आठानं गुणू का?"

"फाशात आठ न्हाई, पोरी."

"म्हणूनच विचारते." तिनं लिहिलं, ११४२८५६. "सातचा अंक गेला. मोडला आकडा."

"आठ अष्टमीचा. आज चालत न्हाई."

कुणी हसलं नाही. शिवकन्येनं दुसऱ्या बाजूला भागाकार मांडला.

"एकाला सातानं भागत राहा. बाकी उरते एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, आणि परत एक. बाकी गोल फिरते म्हणून उत्तरातही १४२८५७ हेच अंक गोल फिरतात. दोनाला भागा, म्हणजे आकडा दोनानं गुणल्यासारखंच, तेच चाक दुसरीकडून सुरू होतं. सहापर्यंत हे चालतं, आणि फाशाला तोंडं सहाच. सहा नवांना सातानं भागलं की हा आकडा येतो, मग सातानं गुणल्यावर नऊच येणार."

मोहनराव शांतपणे म्हणाले, "म्हंजी आकडा खराच हाय की, बाई."

माना हलल्या. एवढं समजावून हेच हाती लागलं, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात चंद्रभागाबाई उठली.

"पोरी, ह्याच्यात मोहनरावाची पट्टी कुठं निघती?"

"निघत नाही, मावशी. मांजरसुंब्याला बसून गुणा नाहीतर कपिलधारला बसून, उत्तर तेच. जमिनीखालचं ह्या आकड्याला काय ठाऊक?"

"मग ह्यो बाबा कुनाचं बोलतोय?" चंद्रभागाबाईनं मोहनरावांकडं बघून विचारलं.

मोहनरावांनी घाईनं हात वर करायला सांगितले. गायरानाला एकवीस, पट्टीला एकोणीस. एकोणिसात त्रिंबक गुरुजींचा हात होता.

बाहेर शिवकन्येनं त्यांना गाठलं. "गुरुजी, तुम्हाला तर सगळं कळत होतं."

"कळलं ना. पन दुस्काळात उगं महाराजाला नाराज कावून करावं?"

"गायरानात पाणी लागेलच असं मीही म्हणत नाही. पण नाही लागलं तर ज्यांनी मोजलं त्यांना जाब विचारता येईल. महाराजांना कोण विचारणार? गुणाकार तुम्ही नीट तपासलात, गुरुजी. त्याच्यापुढं महाराज काय बोलले, तेही तपासायला हवं होतं."

गुरुजी खाली मान घालून चपला शोधू लागले.