तात्यांचा अश्मा

छत्तीस सालच्या माघात माझे वडील, तात्या, गेले. दहाव्याला रामकुंडावर माझ्या धाकट्या भावाने, वाल्मीकने, फडक्याची गाठ सोडली आणि मला आतला दगड दिसला. काळा, चपटा, थराथरांचा. दहनापासून मी तो घरभर शोधत होते.

"हा कुठून आणलास?"

"त्यांच्या मुठीत होता, अक्का. शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणून स्मशानात ह्यानेच मडकं फोडलं."

मडकं फोडलेला दगड म्हणजे अश्मा. दहा दिवस तोच गेलेला माणूस. मग तो गोदावरीत सोडायचा. वाल्मीकने मायेने केलं होतं. ओरडायचं तरी कुणावर?

चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर मोजणीदार असताना तात्यांना त्या दगडात झुरळाच्या पूर्वजाचा ठसा सापडला होता. पंख आजच्या झुरळासारखे; पण शेपटाशी सुईसारखी लांब नळी. आजचं झुरळ अंडी डबीत घालतं. हा जीव नळीने एकेक अंडं मातीत खुपसत असे, डबी फार नंतर आली, असं तात्या म्हणत. झुरळ कधी बदललंच नाही म्हणणाऱ्यांना हे त्यांचं उत्तर होतं. त्यांनी ठशाचं चित्र काढून पाठवलं, पण कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी ते मानलं नाही. दगड दाखवा म्हणाले.

"दुसरा दगड सोडा," मी म्हणाले.

"बाई, अश्मा बदलला तर सगळे विधी पहिल्यापासून," गुरुजी म्हणाले. "तोवर त्यांना गती नाही."

"जन्मभर झुरळांमागे धावले दाजी," गोरक्षमामा म्हणाले. "आता तरी सुटू दे की त्यांना, मैना!"

वाल्मीक पायरी उतरू लागला. मी तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं. ओल्या दगडावर पंखांच्या शिरा उठून आल्या. नळीही.

तो थबकला. ठसा त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता.

"मामा, अडकित्ता द्या."

"ठशातूनच फुटेल रे," मी म्हणाले.

"आणि पाण्यात गेला तर काय उरेल?"

"अर्धा अश्मा?" गुरुजींनी विचारलं.

"मडक्याला लागली ती ही खालची बाजू, गुरुजी. ती जाईल."

गुरुजींनी दगडाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. "ती तरी पुरी जाऊ दे."

वाल्मीकने अडकित्त्याचं पातं थरांमधल्या फटीत बसवलं आणि गोट्याने ठोकलं. एकदा. पुन्हा. वरचा थर सुटला. एक पंख मधोमध तुटून खालच्या दगडाला चिकटून राहिला. नळी माझ्या तळहातावर अखंड होती.

उरलेला दगड घेऊन वाल्मीक कमरेइतक्या पाण्यात उतरला. "तात्या," एवढंच म्हणाला, आणि हात उघडले.

उन्हात थर वाळला, नळी फिकी होत गेली. मी वाकून गोदेचं पाणी घेतलं आणि पुन्हा त्यावर घातलं.