गेंदीची ओढणी

ही २०१९ सालची गोष्ट. वैशाखात रितिकाचं लग्न ठरलं होतं, आणि परतूरच्या घरात पितरांच्या कोनाड्यात ठेवलेली ओढणी सारखी खाली पडत होती.

रितिकाच्या आजीने, पानबाईने, ती उचलून पुन्हा ठेवली. ओढणी गेंदीच्या नावची. सासरे मांगीलाल अडतीस साली धाकट्या बहिणीचा हात धरून मारवाडातून निघाले. हसनाबादला पोर तापाने दगावली, असं ते सांगत. कुंवारी गेलेली पोर पितर होते, म्हणून घरातल्या प्रत्येक लग्नाआधी तिला ओढणी. तिने ती घेतली नाही तर लग्न सुखाचं होत नाही.

"दादीसा, पंखा चालू आहे," रितिका म्हणाली.

"पंखा तुझ्या बापाच्या लग्नातही होता. तेव्हा नाही पडली."

घराण्याची माहिती गोळा करायचं रितिकाला वेडच होतं. तीच म्हणाली, "मग जिथे पुरलं, तिथेच जाऊन वाहू."

हसनाबादला एक बाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. दैवशाला तिचं नाव. मारवाड्याची लहान पोर कुठे पुरली, असं पानबाईने विचारताच ती हसतच सुटली.

"पुरली? अवं, आजेसासू हाये ती माझी! आत बसून चहा फुकून राह्यली."

पानबाई ओटा चढली.

"भाऊ सोडून गेल्ता, मरणारच म्हणून," दैवशाला आत नेता नेता सांगत होती. "परत इचारायलाबी न्हाई आला. मंग इथल्यांनीच वाढवली, इथंच लगीन लावलं."

खाटेवर गेंदी होती. दोन्ही डोळे गेलेले. पानबाईने पिशवी पदराखाली ओढली. जित्या बाईला ही कशी द्यायची?

"ह्या टायमाला लाल आणली का?" म्हातारी म्हणाली. "आधी एक हिरवी आल्ती. किनार लई टोचायची. लेकराला पाजून राह्यले व्हते. डोक्यावरून फेकाया गेले, तर हाताला काहीच न्हाई."

हिरवी, जरीच्या किनारीची. पानबाईच्या स्वतःच्या लग्नातली.

"मधीच अशी डोकं झटकते," दैवशाला म्हणाली. "मी अजून हाये, म्हणून वरडते. आमाला वाटायचं, येडसर हाये."

पानबाईने लाल ओढणी काढली, गेंदीच्या डोक्यावर घातली आणि पायांना हात लावला. "भुवासा, आत्याच तुम्ही आमच्या. ही तुमच्या भावाच्या घरची. जित्या माणसाला."

म्हातारीने किनार बोटांत धरली, कितीतरी वेळ सोडलीच नाही. "आता हाताला लागली," ती म्हणाली. "करा पोरीचं लगीन. बिलकुल करा."

लग्न झालं. रितिका हैदराबादला सुखात आहे. गेंदी त्याच दिवाळीत गेली. दैवशालाने लाल ओढणी तिच्यासोबतच दिली. दैवशाला आता परतूरला लेकीसारखी येते-जाते. पानबाईच्या नातवाच्या, अंकितच्या लग्नात गेंदीच्या नावाने कोनाड्यात ठेवलेली नवी ओढणी जागची हलली नाही.

पानबाई परतूरलाच असते. हल्ली जेवता जेवता मधेच डोक्यावरून हात फिरवते. हाताला काही लागत नाही. मग रितिकाला फोन लावते.

"बेटा, खरं सांग. कोणी माझ्या नावाने काही ठेवलं का गं?"