नळाला आलेल्या मुंग्या

अंगणातला नळ गळत होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. त्याच्या तोंडाला चिंधी बांधून झाली, खाली बादली ठेवून झाली. बादली भरून वाहायला लागली आणि भिंतीशी चिखल झाला, तेव्हा कुठे एका रविवारी सकाळी मुलगा पाना घेऊन नळापाशी उकिडवा बसला. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस, पण उजवा हात थरथरायला लागल्यापासून मुलाने त्यांना साधा बल्ब बदलायचीही बंदी घातली होती. आता सल्ले देणं एवढाच उद्योग उरला होता आणि तो ते मन लावून करत.

"आधी पाणी मागून बंद कर."

"केलंय अण्णा."

"वॉशर झिजला असणार. नीट बघून बसव."

"माहितीये हो मला." मुलाने नळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग हसला. "आयला, हाताला मुंग्या आल्या!"

"मलाही येतात," सून दारातून म्हणाली. तिला सातवा महिना होता. "चार दिवस झाले. मैत्रीण म्हणाली, या दिवसांत येतातच."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

चार दिवस. म्हणजे बुधवार. कपडे धुवायच्या मशीनला हात लावला की बारीक झटका बसतो, अशी सुनेनेच कुरकूर केली होती. ती बाजारात गेल्यावर अण्णांनी ट्रंकेतली पक्कड काढली, मशीनच्या पत्र्याला एक वायर जोडली आणि तिचं दुसरं टोक मागच्या पाण्याच्या पाइपाला आवळलं. त्यांच्या उमेदीच्या काळात असंच करत. लोखंडी पाइप लांबवर जमिनीतून जायचा, गळका करंट मुकाट मातीत जिरायचा. झटका थांबला. सून म्हणाली, मशीन आपोआप बरी झाली, आणि अण्णा मिशीतल्या मिशीत हसले होते.

मग त्याच पाइपावरच्या अंगणातल्या नळाला आता करंट कुठून आला?

"जमिनीतला पाइप..." त्यांनी विचारलं. "तू बदललास का रे?"

"मागच्या वर्षी. तुम्ही ताईकडे होतात तेव्हा. सडला होता, सगळा प्लास्टिकचा टाकला. भिंतीवरचा तेवढा जुना आहे."

प्लास्टिकचा! म्हणजे करंटला मातीत जायला वाटच नव्हती. तो भिंतीवरच्या लोखंडात दबा धरून बसला होता. आत मशीन घरघरत होती. मुलाच्या पायात रबरी चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर भागलं होतं.

"जरा ये गं इकडे," मुलाने बायकोला हाक मारली. "पाइप फिरतोय, धरून ठेव."

चिखलात चप्पल घसरेल म्हणून सुनेने चपला पायरीवर काढल्या आणि ती अनवाणी ओल्यात उतरली.

ओरडून समजावण्याइतका वेळ नव्हता. मेन स्विच ओट्याच्या भिंतीवरच होता. ते उठले, खुर्ची कलंडली. थरथरता हात दांड्यावरून एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. शेवटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी दांडा खाली ओढला.

मशीन थांबली. सुनेचा हात नळापासून वीतभर दूर होता.

"लाइट गेली वाटतं," मुलगा म्हणाला.

गप्प बसता आलं असतं. दोघं आत गेले की वायर काढून टाकायची, कुणाला पत्ताही लागला नसता. अण्णांच्या मनात हे आलं, आणि आलं म्हणून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"मी बंद केली," ते म्हणाले, आणि बुधवारपासूनचं सगळं सांगून टाकलं.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. पाना त्याच्या हातातून चिखलात पडला. सून पायरीवर बसली. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"चार दिवस मला वाटत होतं, बाळामुळेच मुंग्या येतात," ती हळूच म्हणाली. "अण्णा, सकाळपासून ते हललं नाहीये."

मुलगा गाडीची किल्ली आणायला आत धावला. अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्याकडे बघायची छाती होईना. ते तिच्या हातांकडे बघत राहिले. नळात उरलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं आणि त्यांना तेवढंच ऐकू येत होतं.

सुनेचा श्वास अडकला.

"लाथ मारली," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मारली, अण्णा. जोरात मारली."

"तरीही दवाखान्यात जायचंच," मुलगा दारातून म्हणाला. "चल."

अण्णा भिंतीला धरून उठले. ट्रंक उघडून त्यांनी पक्कड आणि टेस्टर काढले आणि गाडीत बसणाऱ्या सुनेच्या पिशवीत टाकले.

"हे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "मी मागितलं तरी देऊ नकोस."