कपाटातली सात नंबरची जर्सी

आमच्या फुटबॉल क्लबचा सात नंबर, ज्याला आम्ही वावटळ म्हणायचो, सैन्यात गेला आणि लढाईत मारला गेला. क्लबने ठरवलं, त्याचा नंबर यापुढे कुणालाच द्यायचा नाही. मी क्लबचे कपडे धुतो. त्याची जर्सी इस्त्री करून मीच काचेच्या कपाटात टांगली आणि कुलूप लावलं.

आता तुम्हाला थाप वाटेल, पण दर सामन्यानंतर ती जर्सी घामाने चिंब! मला राहवेना. कुलूप बदललं, काचेला नाक लावून बसलो. मैदानात शिट्टी वाजली आणि बाहीतून थेंब टपकायला लागले.

शेवटी त्याच्या आईलाच बोलावलं. तिने जर्सी हुंगली आणि आमच्या संघाच्या कॅप्टनकडे वळली.

"काय रे, माझं पोरगं कधी राखीव बाकावर बसलं होतं?"

"कधीच नाही, काकू."

"मग कपाटात का कोंडलंत?"

"दुसऱ्याने घातली तर लोक त्याला विसरतील हो."

"काचेत कोण बघतंय? घालू दे कुणाला तरी. घालणारा चुकला, की माझं पोरगं आठवेल बघ सगळ्यांना."

पुढच्या सामन्यात नव्या सात नंबरने रिकाम्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला. सगळे ओरडले, "वावटळीने गोल मारला असता!" सगळ्यात मोठा आवाज काकूंचा.

त्या दिवशी जर्सी पिळली, तर दोन माणसांचा घाम निघाला. विश्वास नसेल तर या, बादली अजून ओतलेली नाही.