जावईबापूंच्या गाडीचा दम

जावई गॅरेजमध्ये आला तोच तोंड पाडून.

"बाबा, गाडीत दमच राहिला नाही हो. आधी नुसता पाय दाबला की चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, धूर निघायचा. आता नुसती रखडते."

सासरे म्हणजे मेस्त्री. हातातलं काम टाकून उठले. चाकं धूर काढत नाहीत हा काय आजार झाला? पण जावई पडला जावई, त्याला बोलणार कोण! "बघतो," म्हणाले, "तुम्ही बसा."

आधी गाडी चौथ्या गिअरमध्ये दामटून आणली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, असं काही झालं नाही. म्हणजे क्लच ठीक. एअर फिल्टर स्वच्छ. हवा कुठे गळते का म्हणून पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा उठेल तर शपथ. इंजिनात जादा हवा कोंबतो त्या टर्बोचा पंखा बोटाने फिरवला, तोही लोण्यासारखा फिरला. मग मीटर लावला, तर टर्बोच्या हवेचा दाब निम्माच! घ्या, सगळं धडधाकट आणि दाब निम्मा.

मेस्त्रींनी मान वाकडी करून आत बॅटरी मारली. टर्बोला एक झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि जादाचा जोर सोडून देते. ती कधी उघडायची, हे ठरतं एका बारीक रबरी नळीवर. ती नळी कुणीतरी झडपेला आवरून धरणारा मधला भाग वगळून थेट झडपेला जोडली होती, म्हणून झडप वेळेआधीच उघडत होती. त्या भागाच्या मोकळ्या राहिलेल्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून बूचसुद्धा लावलेलं. इंजिनाला नखाएवढीही इजा नाही.

मेस्त्री चरकले. दुष्मनाने नळी कापली असती. हे गाडी जपणाऱ्याचं काम होतं, आणि ते त्यांनी एकाच माणसाला शिकवलं होतं. लेकीला.

आडोशाला जाऊन त्यांनी फोन लावला. "नळी तू बदललीस?"

"हो," ती म्हणाली. "बाबा, मागे बाळ असलं तरी हा सिग्नलला चाकं फिरवतो. परवा गाडी घसरून दुभाजकावर चढली. सांगून सांगून थकले, तर हसतो. मला भीती वाटते त्या गाडीत."

"मग मला नाही का सांगायचं?"

"तुम्ही जावयाला कधी एक शब्द तरी बोललात?"

मेस्त्रींना कुणी मुस्कटात मारावी तसं झालं. ते तडक जावयापुढे जाऊन उभे राहिले.

"बिघाड काही नाही. तुमच्या बायकोने नळी बदललीय. घाबरते ती. लेकरू असतं मागे."

जावई आधी लाल झाला, मग हसत सुटला. "बायकांचं काय मनावर घेता बाबा! जोडा पहिल्यासारखी."

"विचार करून सांगा."

"त्यात कसला विचार? जोडा हो."

गाडी त्याची होती. मेस्त्रींनी नळी जोडली, किल्ली हातात दिली. फाटकाबाहेर पडताक्षणी चाकं किंचाळली, जळक्या रबराचा वास आत आला. जावयाने खुशीत खिडकीतून हात हलवला.

मेस्त्रींनी पुन्हा फोन लावला.

"बाळाला घेऊन त्या गाडीत पाऊल टाकायचं नाही. बॅग भर, मी न्यायला येतोय. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलतो."

पलीकडून रडका आवाज आला.

"कधीची भरून ठेवलीय, बाबा."