आईच्या हातचं

टेकडीत कोल्टानचं महागडं खनिज सापडलं तेव्हा आम्हाला वाटलं, नशीब उघडलं. उघडली ती बंदुकांची तोंडं. आधी सैन्य आलं, मग बंडखोर, आणि दोघांपासून आम्हाला वाचवायला आमचीच पोरं हत्यारं उचलून मायमाय झाली, गावची फौज. हप्ता मात्र तिघेही घेतात.

माझी थोरली जाऊ नाबिंतू विधवा. तिचा मोठा, बागुमा, मायमायमध्ये होता. त्यांच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडतात, मग अंगावर आलेल्या गोळीचं पाणी होतं म्हणे. पथ्य मात्र कडक. बाईला शिवायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही. मला त्या पाण्याचा काडीइतकाही भरवसा नव्हता.

टेकडीवरच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी बागुमा भेटायला आला आणि अंगणाबाहेरच थांबला.

"आई, लांबूनच बोल."

"बोलते की. काकाने रांधलंय, तेवढं खा." तिने थाळी जमिनीवर ठेवली आणि मागे सरली.

"काकाला चूल पेटवता येते?"

"जेवायचंय की चौकशी करायचीय?"

पीठ घोटून केलेली बुगाली आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी. त्याने थाळी चाटूनपुसून खाल्ली. तेव्हा ती म्हणाली, "मी रांधलं होतं. आता तुझं पाणी उतरलं. उद्या जाऊ नकोस, बाळा."

"पहिल्याच घासाला कळलं. शेंगदाण्याचं एवढं कूट तुझ्याशिवाय कोण घालतं?"

"मग खाल्लंस कशाला?"

"भूक लागली होती." तो उठला. "आणि मागे राहणाऱ्याला आमचेच लोक मारतात, आई. पाणी असो नसो."

दुसऱ्या दिवशी त्याला उचलूनच आणलं. नाबिंतूने त्याच्या अंगावर पडून हंबरडा फोडला, "मीच खाऊ घातलं याला!" मी तिचं तोंड दाबायला धावले, पण ती बोलून चुकली होती.

मायमायचा म्होरक्या जवळच उभा होता. "ऐकलंत?" तो सगळ्यांना म्हणाला. "पाण्यात खोट नव्हती." त्या दिवशी आणखीही पोरं मेली होती. त्यांना कुणी काय खाऊ घातलं, हे कुणी विचारलं नाही.

पाण्यावर शंका घेणारे त्याच आठवड्यात पाणी घ्यायला गेले. त्यांत नाबिंतूचा धाकटा, चिरहुझाही होता.

तो अजून घरीच झोपतो. ती रोज रांधते आणि त्याची थाळी माझ्या नवऱ्याच्या हाती देते. चिरहुझा थाळी हुंगतो आणि तशीच परत करतो.