उजेड वर्ज्य

कुलर काढला तेव्हाच जिजाबाईला कळलं की आता आपलं काही खरं नाही. वर्ध्याचा एप्रिल, बोरगाव मेघेतलं टिनांचं घर, आणि मागच्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीतला कुलर मुलानं, अंकुशनं, उचलून चक्क अंगणात ठेवला. त्या भोकावर प्लायवूड ठोकलं, वरून गोधडी लावली आणि टिनांमधली खिळ्यांची भोकं डांबर लावून बुजवली. एवढी काळजी त्यानं स्वतःच्या लग्नाच्या मांडवाचीही घेतली नव्हती.

त्याचं कारण जिजाबाईच्या गालात होतं. वर्षानुवर्षं डाव्या गालात जिथे तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबला, नेमकी तिथेच गाठ आली. तोंड दोन बोटांपुरतं उघडायचं, आणि बोलली की घास तोंडात धरून बोलल्यासारखं वाटायचं. पहिल्या डॉक्टरनं अर्धा जबडा काढावा लागेल म्हणून सांगितलं. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मेघा भेटल्या. त्यांच्याकडे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. शिरेतून औषध द्यायचं. ते औषध इतक्या बारीक कणांत भरलेलं, की केसाच्या जाडीत असे हजार कण मावावेत. ते कण गाठीत जाऊन साचतात. चार दिवसांनी नळीतून गाठीवर लाल उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि गाठीला आतून जाळतं.

"आन् तोवर?" अंकुशनं विचारलं होतं.

"तोवर औषध थोडंफार कातडीतही राहतं. ऊन लागलं की कातडी भाजते. जास्त भाजलं, ताप चढला, तर मी उजेड देऊ शकणार नाही. मग जबड्याचंच ऑपरेशन. म्हणून त्यांना अंधारात ठेवा."

डॉक्टरीणबाईला 'अंधारात ठेवा' म्हणायला काय जातं! त्या एसीत बसून बोलत होत्या.

तर शिरेतून औषध घेऊन जिजाबाई खोलीत बसली. कोपऱ्यात झिरोचा बल्ब, तोही डब्याआड. घाम पाठीवरून उतरायचा, लुगडं अंगाला चिकटायचं. पंखा तापलेली हवाच इकडून तिकडे फिरवायचा. दाराला आतून कडी नव्हती आणि दुपारच्या गरम हवेनं दार भडकन उघडायचं, म्हणून सून रूपाली बाहेरून कडी लावायची. गोठ्यातल्या म्हशीला निदान आभाळ दिसतं, असं तिच्या मनात येई. रूपाली घडीघडी दारापाशी येऊन विचारायची, "आत्याबाई, पाणी देऊ?" जिजाबाई भिंतीवर टिचकी मारून हो म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर समोरच्या खोलीत चपला वाजल्या. एकदोन नव्हे, अख्खी गल्ली आली होती. सगळ्यांत पुढे शेजारची विमलाबाई, हातात ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. आजाऱ्याला भेटायला जायचं तर पुडा न्यायचा आणि आजाऱ्याचं तोंड पाहून यायचं. तोंड पाहिलं नाही तर भेट मोजत नाहीत.

"काय व सूनबाई, कडी काऊन बाहेरून?"

"दार राहत नाई मावशी, हवेनं उघडते. डॉक्टरनं आत्याबाईले उजेड मना केला."

"उजेड मना! असा कोणता रोग आहे व, ज्याले उजेड चालत नाई? आमच्या डोमाजीले कावीळ झाली तं त्याले रोज उन्हात बसवत होतो आमी."

"आन् कुलर पाह्यला का अंगणात?" मागून कुणी तरी म्हणालं. "एप्रिलात! बुढीले शिजवून राह्यली वाटते."

"औषधच तसं आहे ना मावशी. त्यात बारीक कण..."

"कण नको सांगू मले. तोंड दाखव तिचं, मंग जातो."

जिजाबाई आत ऐकत होती आणि तिला घाम फुटला तो उकाड्याचा नव्हता. गल्लीला हा संशय कुठून आला, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक? लग्न होऊन रूपाली घरात आली तेव्हापासून विमलाबाईच्या ओट्यावर बसून, पन्नीत खर्रा घोटत घोटत, सुनेचं रडगाणं तिनंच गायलं होतं. भाजीत मीठ कमी म्हणून, मोबाइल जास्त म्हणून. एकदा तर रंगात येऊन म्हणाली होती, "पाहजो विमल, ही बाई मले एक दिवस कोंडून मारीन." तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता त्याच बायका तिला सोडवायला आल्या होत्या.

तिनं जीव खाऊन ओरडून पाहिलं. म्हणायचं होतं, मी बरी आहो, जा तुम्ही. पण दोन बोटांच्या तोंडातून नुसतं घुमल्यासारखं काही तरी बाहेर पडलं.

"अवं माय! तोंड बांधलं व बुढीचं!"

मग एकच कालवा झाला. कुणी म्हणे पोलिसाले फोन लावा, कुणी म्हणे व्हिडिओ काढा. रूपाली दाराला पाठ लावून उभी राहिली असावी, कारण दारावर वजन पडल्याचं आतून कळत होतं.

"सरक व!"

"मारा मले पाह्यजे तं. पण दार नाई उघडत मी. त्यायचा जबडा जाईन!"

झटापट झाली. बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आणि रूपालीचं "आई गं". कडी सरकली.

समोरच्या खोलीचं दार पश्चिमेला होतं आणि ते सताड उघडं होतं. म्हणजे या वेळेचं ऊन थेट इथवर येणार. जिजाबाईनं खांदा दाराला लावला. तिला दार पुरतं लोटता आलं असतं. बायका तरी किती जोर लावणार? पण मग बाहेर रूपालीचं काय? आणि तोंड दाखवायला गेलं तर तेच तोंड जाणार होतं.

तिनं पदर तोंडावरून खाली ओढला, भिंतीच्या आड झाली आणि दाराच्या फटीतून उजवा हात कोपरापर्यंत बाहेर काढला. चाचपडत रूपालीचं मनगट शोधलं, फुटक्या काचांसकट घट्ट धरलं आणि आपल्याकडे ओढलं.

बाहेरची ओढाताण थांबली.

"जिजे?" विमलाबाईचा आवाज एकदम लहान झाला.

जिजाबाईनं मनगट सोडलं, हातानं सगळ्यांना 'जा' म्हणून खूण केली आणि पुन्हा मनगट धरलं. ऊन आधी नुसतं कोमट लागलं. मग टाचण्या टोचाव्या तसं, आणि मग कढईतलं तेल उडावं तसं. तिनं हात मागे घेतला नाही. सून कुणाची, हे एकदा गल्लीला नीट दिसू दे, असं तिच्या मनात चाललं होतं.

"अवं, हात तं पहा!" विमलाबाई ओरडली. "लाल होऊन राह्यला! घे मांगं जिजे, घे!" तिनंच तो हात आत ढकलला, तिनंच दार ओढलं, आणि बाहेरून कडी लावून "निंगा व सगळ्याजणी" म्हणत बायकांना हाकललं. बिस्किटाचा पुडा तेवढा ठेवून गेली.

संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, मनगटावर फोड आले. फोनवर डॉक्टर मेघा आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "रात्रभर ताप बघा. चढला तर मात्र मी काही करू शकत नाही."

रूपाली अंधारातच शेजारी बसून राहिली. काखेत थर्मामीटर लावायची, झिरोच्या बल्बाशी नेऊन डोळे बारीक करून वाचायची. "कायले काढला व हात बाहेर," एवढंच एकदा बोलली. अंग कढत होतं, पण ताप म्हणावा इतकं नाही.

उजाडायच्या आत अंकुशनं गाडीच्या काचांवर चादरी बांधून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मेघांनी हात उलटापालटा करून पाहिला. "कातडीत औषध पोचलंय, हे तर कळलं," त्या म्हणाल्या. "गाठीचं मी आज सांगू शकत नाही, ते काही आठवड्यांनी दिसेल. घ्या आत."

तोंडात चिमटा लावून जबडा ताणला, डोळ्यांवर काळा चष्मा, डोकं पट्ट्यानं बांधलेलं. वरवरची भूल दिली होती, पण तिचा काही भरवसा नाही म्हणाल्या. "हलायचं नाही. मध्येच थांबवलं तर अर्धवट राहतं. अगदीच सहन झालं नाही तर हात वर करा, मी थांबवते."

उजेड लागला. आधी नुसतं कोमट. मग टाचण्या. मग तेल.

जिजाबाईनं ते ओळखलं. उजवा हात पट्टीत होता. डावा, चांगला हात तिनं हळूच कमरेखाली सारला आणि वर येऊ नये म्हणून त्यावर सगळा भार टाकून पडून राहिली.